रिकाम्या तिजोरीचा वादी आणि खर्चाचं तारण

लिक्विडेशनमध्ये गेलेल्या, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायला आणि गाशा गुंडाळायला काढलेल्या, एका कंपनीने लंडनच्या कोर्टात तुमच्यावर ९ लाख पाउंडांचा दावा लावलाय, असं धरून चालू. तिचं म्हणणं, तुम्ही दिलेला माल सदोष होता आणि त्यामुळेच ती बुडाली. तुमची बाजू भक्कम आहे, पण सॉलिसिटर, बॅरिस्टर, तज्ज्ञांचे अहवाल असं सगळं धरून खटला शेवटपर्यंत लढायला ३ लाख पाउंड लागणार. पुढे तुम्ही जिंकलात. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा असतो, त्यामुळे न्यायाधीश तसा हुकूमही काढतात. आता तो हुकूम घेऊन जायचं कुणाकडे? कंपनीच्या खात्यात खडखडाट. म्हणजे हरला असतात तर ९ लाख आणि वर दोन्हीकडचा खर्च गेला असता, आणि जिंकूनही ३ लाख गेले.

आपल्याकडच्या वाचकाला यातली धार चटकन जाणवत नाही, कारण आपल्या दिवाणी कोर्टांत खर्चापोटी मिळणारी रक्कम बहुधा नावापुरतीच असते. खोट्या दाव्यांबद्दलच्या भरपाईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ अ मध्ये ३,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. व्यापारी कोर्टांपुरती ती २०१५ च्या कायद्याने काढली. इंग्लंडमध्ये मात्र खर्चाचा हुकूम हा कधीकधी मूळ दाव्याइतकाच मोठा विषय असतो. म्हणून तिथे प्रतिवादीच्या हातात एक जुनं हत्यार आहे: खटला पुढे नेण्याआधी वादी कंपनीने माझ्या खर्चापोटी तारण ठेवावं, असा अर्ज.

ही तरतूद इंग्लंडच्या कंपनी कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून होती. १९८५ च्या कायद्यात ती कलम ७२६ म्हणून आली. आता इंग्लंड-वेल्सपुरती ती दिवाणी प्रक्रिया नियमांच्या भाग २५ मध्ये आहे. जुन्या निकालांत आणि टिपणांत २५.१२ ते २५.१४ असे क्रमांक दिसतील. ६ एप्रिल २०२५ पासून हा भाग नव्याने लिहिला गेला आणि तारणाचे नियम २५.२६ पासून पुढे गेले. आशय तोच. अर्ज लिहिताना मात्र जुना क्रमांक टाकलात तर पहिल्याच पानावर शोभा होते.

माणूस गरीब आहे एवढ्यावरून त्याच्याकडे तारण मागता येत नाही. १८८५ च्या कॉवेल विरुद्ध टेलर या निकालापासून हे पक्कं आहे: गरिबी ही कोर्टाच्या दारातली आडकाठी नाही. कंपनीला ही सवलत नाही, आणि त्यामागचा विचार मला रास्त वाटतो. मर्यादित दायित्वाचा पडदा घेऊन धंदा करायचा, जिंकलो तर पैसा पडद्याआडच्यांचा आणि हरलो तर पडद्यापुढे कुणीच नाही, ही एकतर्फी पैज झाली. तारणाचा अर्ज हा पडदा जरासा बाजूला सारून विचारतो, या खटल्यामागे खिसा कुणाचा आहे?

दिवाळखोर कंपनीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार आवरायला नेमलेला माणूस, कंपनीच्या नावाने दावा लावतो तेव्हा हरल्यास प्रतिवादीचा खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून जात नाही. मेटलॉय सप्लाइज विरुद्ध एमए (यूके) या प्रकरणात अपील कोर्टाने स्पष्टच सांगितलं की लिक्विडेटरच्या वागण्यात काही गैर नसेल तर त्याला व्यक्तिशः खर्च द्यायला लावायचं नाही. प्रतिवादीला संरक्षण हवं तर त्याने वेळेवर तारण मागावं. तारण न मागता निवांत राहिलात आणि जिंकल्यावर लिक्विडेटरच्या मागे लागलात, तर हेच ऐकावं लागतं. लिक्विडेटर स्वतःच्या नावाने येतो, उदाहरणार्थ संचालकांवर चुकीच्या व्यवहारांबद्दल इंग्लिश दिवाळखोरी कायद्याच्या कलम २१४ खाली, तेव्हा गोष्ट उलटी. तिथे तो स्वतः वादी असतो, खर्चाची जोखीम त्याच्या डोक्यावर असते आणि कंपनीसाठीचा हा नियम त्याला लागत नाही. म्हणून दाव्याचा कागद हातात आला की आधी वादीच्या रकान्यातलं नाव नीट वाचा. ‘अमुक लिमिटेड (लिक्विडेशनमध्ये)’ आणि ‘अमुक लिमिटेडचे लिक्विडेटर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अर्जाला दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे हुकूम झाल्यास कंपनी तुमचा खर्च देऊ शकणार नाही, असं मानायला कारण आहे का? इथे शक्यतांचं पारडं तोलून सिद्ध करायचं नसतं, मानायला कारण पुरे. पण कारण ‘देऊ शकणार नाही’ असं मानण्याचं हवं, ‘कदाचित देऊ शकणार नाही’ एवढं पुरत नाही. जिरहाउस विरुद्ध बेलर या २००८ च्या निकालात हा फरक मांडलाय. कंपनी लिक्विडेशनमध्ये असली की ही पायरी जवळजवळ आपोआप चढली जाते. १८७८ पासूनच कोर्टं लिक्विडेशन हाच ऐपत नसल्याचा प्रथमदर्शनी पुरावा धरत आली आहेत. यातून सुटायची वादीची वाट एकच: हातात रोख आहे आणि प्रतिवादीचा खर्च लिक्विडेशनच्या खर्चात, म्हणजे साध्या धनकोंच्या आधी, दिला जाईल हे आकड्यांनी दाखवणं. लिक्विडेटरच्या ताज्या प्रगती अहवालात १२ लाख पाउंड शिल्लक असतील, तर ३ लाखांसाठी तारण मागून हसं करून घेऊ नका. पण त्याच अहवालात लिक्विडेटरची थकलेली फी आणि त्यांच्या वकिलांची देणी किती आहेत, तेही पाहा. शिल्लक दिसते तेवढी मोकळी नसते.

कंपनी औपचारिकपणे बुडालेली नसेल, नुसती डबघाईला आलेली असेल, तर पुरावा गोळा करावा लागतो. कंपनीज हाउस या ब्रिटिश कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. शेवटचा ताळेबंद, त्यातली निव्वळ मत्ता, लेखे वेळेवर दाखल झालेत का, कुठल्या बँकेचा बोजा किती मत्तेवर आहे, नाव काढून टाकण्याची सूचना निघालीय का. ताळेबंदात मत्ता भरपूर दिसली तरी ती कसली आहे, हे बघा. खर्चाचा हुकूम साधारणपणे १४ दिवसांत भागवायचा असतो. १४ दिवसांत पैशात न येणारी जमीन, भावंड कंपन्यांकडून येणं किंवा ‘गुडविल’ यांचा तिथे फार उपयोग नसतो. काही परदेशी कंपन्या लेखे प्रसिद्धच करत नाहीत आणि विचारलं तर गप्प बसतात. सार्पड ऑइल विरुद्ध अॅडॅक्स या २०१६ च्या प्रकरणात ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या अशाच कंपनीबद्दल अपील कोर्ट म्हणालं की विचारूनही माहिती न देणं हेच ऐपत नसल्याचं मानायला कारण होऊ शकतं. त्यामुळे अर्जाआधी एक साधं पत्र पाठवून आर्थिक स्थिती विचारणं हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय उत्तर न आल्यास तोच तुमचा पुरावा.

खरी कुस्ती दुसऱ्या पायरीवर होते: सगळी परिस्थिती पाहता तारण मागणं न्याय्य आहे का? १९७३ च्या पार्किन्सन विरुद्ध ट्रिपलान या निकालात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी पाहायच्या गोष्टी सांगितल्या. दावा प्रामाणिक आहे का, यशाची बरी शक्यता आहे का, प्रतिवादीने काही कबूल केलंय का, तारणाचा अर्ज खऱ्या दाव्याचा गळा घोटायला वापरला जातोय का, कंपनीची हलाखी प्रतिवादीनेच ओढवली का, आणि अर्ज उशिरा आला का. यातल्या यशाच्या शक्यतेवर दोन्ही बाजूंचे वकील पानंच्या पानं भरतात आणि बहुतेक वेळा ती वाया जातात. अर्जाच्या सुनावणीत छोटा खटला चालवायला न्यायाधीश तयार नसतात. दावा उघडच भक्कम किंवा उघडच पोकळ असेल तरच त्याचं वजन पडतं.

‘तुम्हीच आम्हाला बुडवलं, आता तारण काय मागता?’ हा वादीचा आवडता मुद्दा. ऐकायला जोरकस आहे, पण त्यासाठी दाव्यातला आरोप पुरत नाही. प्रतिवादीच्या वागण्यामुळेच हलाखी आली हे पुराव्याने दिसलं पाहिजे. बँकेची थकबाकी, करखात्याची देणी आणि दोन तोट्याची वर्षं आधीपासून असतील तर हा मुद्दा टिकत नाही.

राहतो गळा घोटण्याचा मुद्दा, आणि निकाल बहुधा इथेच लागतो. तारण द्यायला लावलं तर खटलाच मरेल, असं कंपनी म्हणते. कीरी डेव्हलपमेंट्स विरुद्ध टारमॅकमध्ये न्यायाधीश पीटर गिब्सन यांनी सांगितलं की कंपनीकडे पैसे नाहीत एवढं दाखवून भागत नाही. संचालक, भागधारक, इतर पाठीराखे, जिंकल्यास ज्यांचा फायदा होणार ते धनको यांच्याकडूनही पैसे मिळू शकत नाहीत, हे दाखवायचं ओझं कंपनीवर आहे. २०१७ च्या गोल्डट्रेल विरुद्ध ओनुर एअर या निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी आणखी नेमकी केली. तिथे लिक्विडेशनमधली ब्रिटिश पर्यटन कंपनी जिंकलेली होती, आणि अपील करणाऱ्या तुर्की विमान कंपनीला ३६.४ लाख पाउंड कोर्टात भरायला सांगितलं होतं. न्यायालय म्हणालं, असा पैसा कंपनीला उपलब्ध होणार नाही हे शक्यतांच्या तोलावर सिद्ध करायला हवं, आणि मालक ‘मी देणार नाही’ म्हणाला म्हणून कोर्टाने ते जसंच्या तसं मानू नये.

लिक्विडेटरसाठी याचा व्यवहारातला अर्थ असा: धनकोंना पत्रं लिहा, उत्तरं जोडा. सर्वांत मोठा धनको कोण? बोजाधारक बँक असेल आणि जिंकलेल्या पैशातला बराचसा तिच्याकडे जाणार असेल, तर तिने तारणाला हातभार का लावू नये, हा प्रश्न न्यायाधीश विचारतीलच. करखातं मोठा धनको असेल तर त्याला विचारल्याचं आणि त्याच्या नकाराचं पत्र लागतं. बहुतेक लिक्विडेटर हे पुरावे अर्धवट देतात. ‘धनकोंकडून निधी मिळण्याची शक्यता नाही असे मी समजतो’ असं एक वाक्य साक्षपत्रात टाकून पुढे जातात, आणि तिथेच गळा घोटण्याचा बचाव कोसळतो. उलट, खटल्याला फंड देणारी संस्था मागे आहे आणि ती वादीच्या वकिलांचे पैसे देतेय पण तारणाचे देणार नाही म्हणते, असं चित्र दिसलं की न्यायाधीशांचा चेहरा बदलतो. स्वतःची बाजू लढायला पैसे आहेत, तर समोरच्याचं संरक्षण करायला का नाहीत?

आता विमा. लिक्विडेटर हल्ली बहुधा वाद उभा राहिल्यानंतर काढायचा खर्चाचा विमा घेतात: दावा हरला तर प्रतिवादीचा खर्च विमा कंपनी देईल. त्याचा हप्ता एकेकाळी हरणाऱ्या प्रतिवादीकडून वसूल व्हायचा. दिवाळखोरीच्या दाव्यांपुरती ती सवलत ६ एप्रिल २०१६ ला संपली, त्यामुळे आता तो धनकोंच्या वाट्यातूनच जातो. हा विमाच तारण म्हणून पुरेसा आहे, असं सांगितलं जातं. २०१७ च्या प्रीमियर मोटरऑक्शन्स प्रकरणात, जिथे लिक्विडेशनमधल्या कंपन्यांनी प्राइसवॉटरहाउसकूपर्स आणि लॉइड्स बँकेवर दावा लावला होता, अपील कोर्टाने उत्तर दिलं: पुरेसा असू शकतो, पण पॉलिसी वाचून. ठरवायला लागतं की माहिती लपवली किंवा चुकीची दिली म्हणून विमा कंपनी पॉलिसी रद्द करण्याची शक्यता खरी आहे की काल्पनिक. तिथल्या पॉलिसीत रद्द न करण्याचं कलम नव्हतं, आणि कोर्टाने तारणाचा हुकूम दिला.

कारण समजायला सोपं आहे. लिक्विडेटरला कंपनीचा जुना इतिहास स्वतः माहीत नसतो. तो जुन्या संचालकाच्या सांगण्यावर विमा काढतो. खटल्यात त्याच संचालकाचं सांगणं खोटं ठरलं तर तुम्ही जिंकता, आणि नेमक्या त्याच कारणाने विमा कंपनी हात वर करते. म्हणजे विम्याची गरज पडते तेव्हाच तो निसटतो. म्हणून पॉलिसी पुढे आली की पाहा: कपटाच्या कारणानेही पैसे नाकारणार नाही असं कलम आहे का, तुम्हाला थेट दाद मागता येते का, पॉलिसी वादी आणि विमा कंपनी परस्पर रद्द करू शकतात का, रक्कम सगळ्या प्रतिवादींत वाटली जाणार का. दोन प्रतिवादी आणि एकच ५ लाखांची मर्यादा असेल तर तुमच्या वाट्याला किती, हे विचारायला लाजू नका. समाधान होत नसेल तर विमा कंपनीने थेट तुमच्या नावे हमीपत्र करून द्यावं, असं मागता येतं.

रक्कम किती मागायची? एकूण अपेक्षित खर्च पूर्ण मिळत नाही, कारण खर्चाची छाननी झाल्यावर हुकूमही पूर्ण रकमेचा होत नाही. ६० ते ७० टक्के हा मागण्याचा वाजवी पट्टा. कोर्टाने खर्चाचं अंदाजपत्रक आधीच मंजूर केलं असेल तर भविष्यातल्या खर्चासाठी त्याहून जास्त टक्केवारी मागायला जागा असते. वरच्या उदाहरणात ३ लाखांवर ६५ टक्के म्हणजे १ लाख ९५ हजार पाउंड. तेही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. आतापर्यंतचा खर्च आणि कागदपत्रं उघड करण्यापर्यंतचा पहिला टप्पा, मग साक्षपत्रं व तज्ज्ञ, मग सुनावणी. सुनावणीचा टप्पा सर्वांत महाग असतो, त्यामुळे त्याचं तारण सुनावणीच्या बरंच आधी पडेल अशी तारीख हुकुमात घालून घ्या. बॅरिस्टरची फी लागू झाल्यावर तारणासाठी भांडत बसणं परवडत नाही.

तारण कोर्टात रोख भरता येतं किंवा चांगल्या लंडन बँकेची हमी देता येते. बँक हमीतल्या चुका छोट्या वाटतात, पण महाग पडतात. मुदत निकालाच्या दिवशी संपते आणि खर्चाची छाननी त्यानंतर कित्येक महिने चालते. अशी हमी निरुपयोगी. ‘अपिलाचा अंतिम निकाल लागल्यावर’ असा शब्दप्रयोग असेल तर पैसे अडकतात. मागणी केली की पैसे द्यायचे, एवढीच अट ठेवा. तारण दिलं म्हणून वादी उलट तुमच्याकडून नुकसानभरपाईची हमी मागतो. रो विरुद्ध इन्जीनियस या २०२१ च्या निकालानंतर ती अपवादात्मक परिस्थितीतच मिळते.

अर्ज एन२४४ या नमुन्यावर, सोबत सॉलिसिटरचं साक्षपत्र आणि खर्चाचा टप्पावार तक्ता. पत्र आधी, अर्ज मागाहून, आणि दोन्ही लवकर. उशीर झाला की झालेल्या खर्चाचं तारण बहुधा हातचं जातं, आणि वादीने दरम्यान मोठा खर्च केला असेल तर अख्खा अर्जच फेटाळला जाऊ शकतो. हुकूम झाला की तारण येईपर्यंत खटल्याला स्थगिती मिळते. पण स्थगितीवर थांबू नका. ठरल्या तारखेपर्यंत तारण न आल्यास दावा रद्द, असं कलम त्याच हुकुमात घाला. नाहीतर खटला वर्षानुवर्षं लटकतो आणि तुमच्या लेख्यांत तो संभाव्य देण्याच्या रकान्यात बसून राहतो.

तुमचा उलटा दावा त्याच व्यवहारातून निघत असेल तर सावध. क्रॅबट्री विरुद्ध जीपीटी या १९९० च्या प्रकरणात कोर्टाने तारण नाकारलं, कारण मूळ दावा थांबवला तरी तेच प्रश्न उलट्या दाव्यात चालणार होते. मग तारणाने साधलं काय? अशा वेळी, मूळ दावा पडला तर उलटा दावाही पुढे नेणार नाही, अशी लेखी तयारी दाखवावी लागते.

काही लिक्विडेटर दाव्याचा हक्क एखाद्या व्यक्तीला विकून टाकतात, कारण व्यक्तीकडे गरिबीवरून तारण मागता येत नाही. नॉर्ग्लेन विरुद्ध रीड्स रेन्समध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ते बेकायदा ठरवलं नाही. पण आताच्या नियमांत, खर्चाचा हुकूम टाळण्याच्या हेतूने हक्क सोपवणाऱ्याकडून, तसंच जिंकलेल्या रकमेत वाटा घेऊन खटल्याला पैसा पुरवणाऱ्याकडूनही थेट तारण मागता येतं.

लवादातही हे चालतं. १९९६ च्या इंग्लिश लवाद कायद्याच्या कलम ३८ खाली लवाद तारण मागू शकतो, मात्र वादी परदेशी आहे एवढ्याच कारणाने नाही. लंडन लवादाचं कलम करारात घालणाऱ्या पुण्या-मुंबईच्या निर्यातदारांनी हे लक्षात घ्यावं: बुडत्या विलायती खरेदीदाराने लवाद लावला तर तारण मागायचा रस्ता उघडा आहे, आणि तुमचीच कंपनी आजारी असेल तर तो तुमच्यावरही उघडा आहे.

भारतात हाच नियम १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ६३२ म्हणून होता, शब्दही जवळजवळ इंग्लिश कलमाचेच. २०१३ चा कायदा आला तेव्हा त्यात ते कलम राहिलं नाही. उरला दिवाणी संहितेचा आदेश २५, आणि त्याचा मूळ रोख भारताबाहेर राहणाऱ्या, इथे पुरेशी स्थावर मालमत्ता नसलेल्या वादीवर आहे. भारतीय दिवाळखोर कंपनी त्यात सरळ बसत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतलं कलम १४ कंपनीवरचे दावे थांबवतं, कंपनीने लावलेले नाही. लिक्विडेशनमध्ये गेल्यावर कलम ३३ प्रमाणे लिक्विडेटरला दावा लावायला न्यायाधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीचा अर्ज लिक्विडेटरचा असतो, भावी प्रतिवादीचा नाही. तुमच्या खर्चाचं काय, हे तिथे विचारणारं कुणी नसतं.

महाराष्ट्राकडे मात्र एक तुकडा आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. आदेश २५ ला इथे लागू असलेल्या दुरुस्तीप्रमाणे, खटल्यासाठी पैसा मिळावा म्हणून वादीने दाव्याच्या मालमत्तेतला वाटा तिसऱ्याला दिला किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तर कोर्ट त्या तिसऱ्याला त्याच्या संमतीने वादी करून घेऊ शकतं आणि त्याच्याकडे प्रतिवादीच्या खर्चाचं तारण मागू शकतं. बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश यांच्या दुरुस्त्यांचा उल्लेख करून तिसऱ्याच्या पैशाने खटला लढण्याला कायद्याची मान्यता असल्याचं म्हटलं. फंड देणाऱ्या संस्था आता लिक्विडेटरांच्या दारात येऊ लागल्या आहेत. मुंबईत अशा दाव्याचं समन्स हातात पडलं, तर लेखी जबाबाच्या मुदतीतच वादीला एक पत्र लिहा: या खटल्याचा खर्च कोण करतंय, आणि त्याबदल्यात त्याला काय कबूल केलंय?